आयपीव्ही६ बंद केलं आणि बिल निघेना

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुना संगणक धडधाकट आहे, पण विंडोज ११ त्याला घ्यायला तयार नाही, अशी परिस्थिती सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांच्या ऑफिसातही असते आणि नवी पेठेतल्या दुकानातही. मग ओळखीतला एखादा पोरगा त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू (हेही लिनक्सच) टाकून देतो. जीएसटीचं आणि ई-वे बिलाचं काम ब्राउझरमध्येच होतं, त्यामुळे फारसं काही अडत नाही.

अडतं ते पुढे. एक दिवस इंटरनेट रेंगाळायला लागतं. सॉफ्टवेअर अपडेट 'कनेक्टिंग टू' असं म्हणून मिनिटंच्या मिनिटं बसून राहतं. कुणीतरी व्हिडिओ पाहून सांगतं, "आयपीव्ही६ बंद करा, झटक्यात पळेल." (आयपीव्ही६ म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, आयपीव्ही४ ही जुनी.) दोन ओळी टाकल्या जातात आणि खरंच पळायला लागतं. दोन-चार दिवसांनी लाइट जाऊन येते, संगणक नव्याने सुरू होतो, माल भरलेला टेम्पो दारात उभा असतो आणि चलन काही छापून येत नाही. दिवाणजी मालकांना सांगतात, "अण्णा, प्रिंटर गेला वाटतं."

प्रिंटर बहुतेक वेळा गेलेला नसतो. आणि आयपीव्ही६ वर संशय घेतला, तर पहिला प्रश्न हाच येतो की प्रिंटर टेबलावर आहे, यूएसबीच्या वायरीने जोडलेला आहे, मग इंटरनेटच्या प्रोटोकॉलचा त्याच्याशी संबंध काय?

संबंध आहे. लिनक्सवर छपाईचं काम 'कप्स' नावाचा प्रोग्रॅम करतो. तो १९९९ साली आला, २००२ मध्ये ॲपलने मॅकवर घेतला, आणि आज जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये तोच असतो. त्याची रचना पहिल्यापासून सर्व्हरची आहे. तुम्ही ब्राउझरमधून किंवा लिब्रेऑफिसमधून 'प्रिंट' म्हणता, तेव्हा ते सॉफ्टवेअर प्रिंटरशी बोलतच नाही. ते त्याच संगणकात चालणाऱ्या कप्सला विनंती पाठवतं. कप्स ती रांगेत लावतो, कागदाला साजेशा रूपात आणतो आणि मग प्रिंटरकडे ढकलतो. एकाच पेटीतले दोन प्रोग्रॅम असले तरी त्यांची भाषा नेटवर्कचीच असते. ती आयपीपी म्हणून ओळखली जाते आणि तिचा पोर्ट, म्हणजे संगणकावरच्या दाराचा क्रमांक, ६३१.

संगणकाने स्वतःशीच बोलायचं, तर त्यासाठी एक आतलं, काल्पनिक नेटवर्क कार्ड असतं. त्याला लूपबॅक म्हणतात. लिनक्समध्ये त्याचं नाव 'एलओ'. या कार्डाला लोकलहोस्ट या नावाने हाक मारतात, आणि या एका नावाला दोन पत्ते आहेत: आयपीव्ही४ चा १२७.०.०.१ आणि आयपीव्ही६ चा ::१. व्हिडिओतल्या त्या दोन ओळी सहसा 'सगळ्या कार्डांवर आयपीव्ही६ बंद' अशा अर्थाच्या असतात. 'सगळ्या'मध्ये एलओसुद्धा आलं. दुखणं बाहेरच्या इंटरनेटचं होतं, पण औषध संगणकाच्या आतल्या रस्त्यालाही लागलं.

आता ::१ हा पत्ता गेला तरी १२७.०.०.१ शाबूत आहे, मग छपाई का थांबावी? खरं तर थांबायला नको, आणि पुष्कळदा थांबतही नाही. कप्स स्वतः समंजस आहे: एका पत्त्यावर दाद मिळाली नाही तर दुसऱ्यावर जातो. शिवाय त्याच संगणकावरचे प्रोग्रॅम बहुधा एका सॉकेट फाइलमधून त्याच्याशी बोलतात. ही फाइल 'रन' फोल्डरातल्या कप्सच्या जागेत असते आणि तिला आयपीचा पत्ताच लागत नाही. गडबड होते ती आजूबाजूच्या मंडळींमुळे. कुठल्या तरी फाइलीत अजून लोकलहोस्ट म्हणजे ::१ असं लिहिलेलं असतं, कुठल्या तरी सेवेला, म्हणजे मागे सतत चालू असलेल्या प्रोग्रॅमला, ::१ वरच कान लावायला सांगितलेलं असतं. दुकानाचं मागचं दार विटा लावून बुजवलं, पण पुढच्या दारावरची 'मागून या' ही पाटी तशीच राहिली, तर गिऱ्हाईक भिंतीपाशी जाऊन परत फिरणारच.

आज केलेल्या बदलाचा त्रास चार दिवसांनी का होतो, तेही लगेच सांगून टाकतो, कारण तपास इथेच चुकीच्या दिशेला जातो. आधीपासून चालू असलेल्या सेवांनी आपले रस्ते बदलाआधीच पकडलेले असतात. काही बदल तर संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत लागूच होत नाहीत. त्यामुळे दोष लाइटला, व्होल्टेजला किंवा कालच भरलेल्या टोनरला जातो. तेव्हा पहिला प्रश्न 'आज काय झालं' हा नसून 'आजच्या आधीच्या रीस्टार्टपासून या संगणकावर कुणी काय बदललं' हा असायला हवा.

एक सूचना: इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या.

सुरुवात 'एलपीस्टॅट -टी' ने करा. कप्स चालू आहे का, कोणते प्रिंटर आहेत, प्रत्येकाचा पत्ता काय आणि रांगेत काय अडकलंय, हे सगळं ती एकदम सांगते. कप्सकडून उत्तरच आलं नाही, तर गोष्ट सेवेपाशीच अडली आहे. उत्तर आलं, पण प्रिंटरपुढे 'डिसेबल्ड' दिसलं, तर कप्स ठीक आहे आणि पुढचा टप्पा तुटलाय. निम्मा तपास या एका आज्ञेत होतो.

त्याच आज्ञेत प्रत्येक प्रिंटरपुढे 'डिव्हाइस फॉर' असं लिहून एक पत्ता दिलेला असतो. त्या पत्त्याचा पहिला शब्द नीट वाचा. लेखातली सगळ्यात उपयोगी गोष्ट मला विचाराल तर हीच आहे.

पत्ता 'यूएसबी' ने सुरू होत असेल, तर कप्स थेट वायरीवरून बोलतोय. या रस्त्यात आयपी कुठेच नाही, ना चार ना सहा. जुने लेसर, बिलांचे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सहसा या गटात येतात. यांच्या बाबतीत आयपीव्ही६ वर खापर फोडू नका. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत अजून दिसणारा एचपी लेसरजेट १०२० याचं चांगलं उदाहरण आहे. या प्रिंटरच्या पोटात त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, कायमचं साठवलेलं नसतं. प्रत्येक वेळी चालू केला की संगणकाकडून ते पाठवावं लागतं. लाइट गेली, प्रिंटर बंद पडून चालू झाला आणि फर्मवेअर पोचलं नाही, की तो गप्प बसतो. दिसायला लक्षण तेच, वेळही तीच, कारण मात्र पार वेगळं.

पत्ता 'आयपीपी' ने सुरू होतोय, त्यात 'लोकलहोस्ट' आणि ६०००० च्या पुढचा आकडा आहे, किंवा नावात 'यूएसबी' आणि शेवटी 'लोकल' असं काही आहे, आणि तरीही प्रिंटर यूएसबीच्या वायरीवर आहे? तर तुमच्याकडे 'आयपीपी-यूएसबी' नावाची सेवा मध्ये बसली आहे, आणि संशयाला इथे खरी जागा आहे.

गेल्या काही वर्षांतल्या प्रिंटरांना वेगळा ड्रायव्हर लागू नये म्हणून ही सोय केली गेली. डेबियन या लिनक्सच्या २०२१ मधल्या अकराव्या आवृत्तीपासून ती तिथे रुळली, आणि उबुंटू-मिंटमध्येही ती असते. असा प्रिंटर यूएसबीच्या वायरीवरूनही नेटवर्कच्या प्रिंटरचीच भाषा बोलतो. आयपीपी-यूएसबी ही सेवा त्याला ताब्यात घेते आणि संगणकाच्या आत, लूपबॅकवर, ६०००० किंवा त्यापुढच्या पोर्टवर नेटवर्क प्रिंटर म्हणून उभा करते. मग 'अवाही' नावाची दुसरी सेवा 'इथे एक प्रिंटर आहे हो' अशी दवंडी त्याच लूपबॅकवर पिटते. कप्स ती ऐकतो आणि रांग तयार करतो. म्हणजे हातभर वायरीच्या प्रवासात तीन सेवा आणि आतलं अख्खं नेटवर्क आलं. यात गंमत अशी की एकदा आयपीपी-यूएसबीने प्रिंटर ताब्यात घेतला की कप्सचा थेट यूएसबीचा रस्ता बंद होतो. त्यामुळे ही साखळी तुटली की प्रिंटर असून नसल्यासारखा.

साखळी नेमकी कुठे तुटली, ते पाहायला 'एसएस -एलटीएन' ही आज्ञा आहे. कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पोर्टवर कुणीतरी कान लावून बसलंय, याची ती यादी देते. १२७.०.०.१ पुढे ६३१ दिसायला हवा. आयपीपी-यूएसबी वापरात असेल तर ६०००० ही दिसायला हवा. ६३१ आहे पण ६०००० नाही, तर कप्सला हात लावू नका. आयपीपी-यूएसबी सेवा पुन्हा सुरू करा आणि तिची नोंद (लॉग) वाचा. दोन्ही आहेत, तरी प्रिंटर सापडत नाही, तर अवाहीची दवंडी पोचत नाहीये. 'अवाही-ब्राउझ -आरटी' या आज्ञेपुढे '_आयपीपी._टीसीपी' लिहून पाहिलं की कोणते प्रिंटर कोणत्या कार्डावर, चारवर की सहावर जाहीर झालेत, ते समोर येतं.

पत्ता 'सॉकेट' किंवा 'आयपीपी' ने सुरू होऊन पुढे १९२.१६८ असा आकडा असेल, तर प्रिंटर वायफायवर किंवा राउटरला जोडलेला आहे आणि आयपीव्ही४ वरच आहे. आयपीव्ही६ बंद केल्याने त्याला काही होणार नाही. बहुधा राउटरने त्याला आज दुसरा आकडा दिला असेल. राउटरमध्ये त्या प्रिंटरचा पत्ता कायम करून टाका. आकड्यांऐवजी चौकोनी कंसात एफई८० ने सुरू होणारं लांबलचक काही दिसलं, तर तो आयपीव्ही६ चा पत्ता आहे, आणि तो आता मेला. ती रांग काढून आयपीव्ही४ च्या पत्त्यावर नवी करायची, एवढंच.

नोंदी वाचायला लोक घाबरतात, पण इथे एक आकडा शोधला तरी पुरतं. लिनक्समध्ये प्रत्येक चुकीला क्रमांक असतो. ९७ म्हणजे 'ॲड्रेस फॅमिली नॉट सपोर्टेड': या संगणकाला आयपीव्ही६ ही गोष्टच माहीत नाही. बूट होताना कर्नललाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यालाच, 'आयपीव्ही६.डिसेबल=१' असं सांगितलं, म्हणजे संगणक सुरू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमच्या फाइलीत ती ओळ घातली, की हा क्रमांक येतो. ९९ म्हणजे 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस': आयपीव्ही६ माहीत आहे, पण मागितलेला पत्ता कुठल्याच कार्डावर नाही. कर्नलची सेटिंग बदलणाऱ्या सिसकंट्रोलच्या (टाइप करताना sysctl) ओळींनी बंद केलं की हा येतो. म्हणजे कुठून बंद केलं, हे विचारत बसायची गरज नाही, नोंदच सांगते. आणि १११ म्हणजे 'कनेक्शन रिफ्यूज्ड': पत्ता जिवंत आहे, पण तिथे ऐकायला कुणी बसलेलं नाही. १११ दिसला तर आयपीव्ही६ ला सोडा आणि सेवा का उठली नाही ते बघा. क्रमांक नसेल तर हेच शब्द दिसतील.

हे आकडे छपाईपुरते नाहीत. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर कर्नलमधून आयपीव्ही६ काढल्यावर ९७ दाखवून उठायला नकार देतो, आणि एसएसएच या दूरच्या संगणकावर काम करायच्या सोयीवरून दुसऱ्या संगणकाची खिडकी आपल्याकडे आणणाऱ्यांचीही याच कारणाने पंचाईत होते. दुखणं एकच, दवाखाने वेगळे.

कप्सच्या नोंदीत '::१ च्या ६३१ वर सॉकेट उघडता येत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ, शेवटी 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस' सह, हमखास सापडते. ती पाहून 'हा घ्या चोर' असं म्हणायचा मोह होतो. पण कप्सच्या फाइलीत 'लिसन लोकलहोस्ट:६३१' असं लिहिलेलं असतं, तो दोन्ही पत्त्यांवर बसायला जातो, सहावर जागा मिळत नाही, तक्रार नोंदवतो आणि चारवर काम सुरू करतो. ती ओळ नुसती कुरकुर आहे. ती नको असेल तर त्या फाइलीत लोकलहोस्टच्या जागी १२७.०.०.१ लिहून कप्स पुन्हा सुरू करा. फाइलीत फक्त ::१ च लिहिलेलं असेल, तर मात्र तो खरा दोष आहे.

'ईटीसी' फोल्डरातली होस्ट्स नावाची फाइलही उघडून पाहावी. तिथे १२७.०.०.१ पुढे लोकलहोस्ट हवंच. काही लिनक्समध्ये ::१ पुढेही लोकलहोस्ट असतं. आयपीव्ही६ बंदच ठेवायचं असेल तर त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका. आयपीव्ही६ बंद करताना घाईघाईत वरचीच ओळ पुसून टाकलेली फाइल पाहिली की कपाळावर हात मारावासा वाटतो, कारण मग छपाईच काय, लोकलहोस्टवर विसंबलेलं काहीही केव्हाही रुसू शकतं.

संशय खरा की खोटा, हे अर्ध्या मिनिटात तपासता येतं. क्रमांक ९९ असेल, म्हणजे सिसकंट्रोलने बंद केलेलं असेल, तर फक्त लूपबॅकवर आयपीव्ही६ परत चालू करा: 'सुडो सिसकंट्रोल -डब्ल्यू नेट.आयपीव्ही६.कॉन्फ.एलओ.डिसेबल_आयपीव्ही६=०'. मग आयपीपी-यूएसबी, अवाही, कप्स या क्रमाने सेवा पुन्हा सुरू करा आणि एक पान छापून पाहा. आलं, तर दोषी सापडला. नाही आलं, तर आयपीव्ही६ निर्दोष आहे आणि वायर, ड्रायव्हर, फर्मवेअर यांच्याकडे वळा. क्रमांक ९७ असेल तर ही आज्ञा चालणार नाही, कारण जी गोष्ट कर्नलमध्येच नाही तिचं बटण कुठून असणार? तिथे ग्रबमधून ती ओळ काढून, 'अपडेट-ग्रब' चालवून संगणक पुन्हा सुरू करावा लागतो.

पान आलं, तर हीच ओळ सिसकंट्रोलच्या फाइलीत 'सगळ्यांवर बंद' या ओळीच्या खाली लिहून ठेवली की काम कायमचं झालं. बाहेर आयपीव्ही६ बंद, आत चालू. ::१ हा पत्ता संगणकाच्या बाहेर कधीच जात नाही, त्यामुळे तो चालू राहिल्याने इंटरनेट हळू व्हायचं काहीच कारण नाही.

माझं मत विचाराल, तर 'सगळीकडे बंद' ही ओळच काढून टाकावी. मूळ तक्रार इंटरनेट रेंगाळण्याची होती ना? मग नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या एका कनेक्शनचं आयपीव्ही६ 'डिसेबल्ड' करा. लूपबॅकला धक्का लागत नाही. फक्त अपडेटच अडकत असतील, तर अपडेट आणणाऱ्या एपीटी या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये 'फोर्सआयपीव्ही४' ला 'ट्रू' करा. आणि सगळ्यात सौम्य उपाय 'ईटीसी' मधल्या 'जीएआय.कॉन्फ' फाइलीत आहे. तिथे '::एफएफएफएफ:०:०/९६' ला १०० चं प्राधान्य देणारी ओळ आधीच लिहून ठेवलेली असते. पुढचा हॅश काढला की बहुतेक प्रोग्रॅम दोन्ही पत्ते असताना आधी आयपीव्ही४ कडे जातात. काहीच बंद करावं लागत नाही. आयपीव्ही४ चे मोकळे पत्ते जागतिक साठ्यातून ३ फेब्रुवारी २०११ लाच वाटून संपले, आणि जिओसारख्या मोबाइल नेटवर्कवर बराचसा व्यवहार आयपीव्ही६ वरूनच चालतो. ते मुळापासून उपटून काढायची सवय लावून घेण्यात फायदा नाही.

ज्यांना बंदच ठेवायचं आहे, त्यांनी निदान बाकीच्यांना तसं कळवावं: अवाहीच्या फाइलीत 'यूज-आयपीव्ही६' ला 'नो', आयपीपी-यूएसबीच्या फाइलीत 'आयपीव्ही६' ला 'डिसेबल'. म्हणजे त्या सेवा नसलेल्या पत्त्याच्या मागे लागत नाहीत.

एक हुबेहूब लक्षण वेगळ्याच कारणाने दिसतं. सप्टेंबर २०२४ मध्ये 'कप्स-ब्राउझ्ड' या सेवेत गंभीर सुरक्षा त्रुटी जाहीर झाल्या. ती ६३१ च्या यूडीपी पोर्टवर कुणाचंही ऐकून घेत होती. तेव्हा अनेकांनी ती सेवा बंद केली, आणि ते योग्यच होतं. पण तिने आपोआप तयार केलेल्या प्रिंटरच्या रांगा तिच्याबरोबर गेल्या. तुमच्या यादीत प्रिंटरचा पत्ता 'इंप्लिसिटक्लास' ने सुरू होत असेल, तर ती रांग याच सेवेवर उभी आहे. सेवा बंद असेल तर प्रिंटर स्वतः हाताने जोडून घ्या.

सगळं दुरुस्त झालं तरी पान येत नाही, असंही होतं, आणि मग केलेली दुरुस्तीच चुकीची वाटू लागते. कारण साधं असतं: पाठवलेलं काम फसलं की कप्स तो प्रिंटर थांबवून ठेवू शकतो आणि मग कुणीतरी सांगेपर्यंत तो थांबूनच राहतो. 'कप्सएनेबल' लिहून पुढे प्रिंटरचं नाव द्या, म्हणजे रांग वाहती होते. पण त्याआधी 'एलपीस्टॅट -ओ' करून रांगेत काय आहे ते पाहाच. कागद येत नाही म्हणून दिवाणजींनी 'प्रिंट' किती वेळा दाबलंय, ते तिथे दिसतं. 'कॅन्सल -ए' ने सगळं काढून टाका आणि एकच चलन नव्याने पाठवा, नाहीतर एकाच टेम्पोची चलनं रीम संपेपर्यंत बाहेर पडत राहतील.

एवढ्यानेही जमलं नाही तर 'कप्ससीटीएल --डिबग-लॉगिंग' करून एक पान पाठवा. 'व्हार/लॉग/कप्स' मधल्या 'एरर_लॉग' फाइलीत त्या पानाचा सगळा प्रवास उतरतो, आणि शेवटून वर वाचत गेलं की अडलेली जागा सापडते. काम झाल्यावर '--नो-डिबग-लॉगिंग' करून ते बंद करा. ऑफिसातल्या जुन्या संगणकाच्या डिस्कवर तशीही फार जागा नसते.